रिकामं भांडं देऊ नये

आमच्या आत्याबाईंच्या हातात कुणी काही वस्तू दिली, की त्या आधी वस्तूकडे बघत नसत. घरात चहूकडे नजर फिरवत आणि विचारत, "ही ठेवायची कुठं?" देणारा ओशाळून जाई. माझ्या लग्नात माझ्या आईनं विहिणीसाठी म्हणून हौसेनं जड पितळी परात आणली होती. भर मांडवात ती पुढे केली, तेव्हाही आत्याबाईंनी हेच विचारलं. आईचं तोंड उतरलं. "कसल्या घरात पोर दिली," असं ती मावशीच्या कानात पुटपुटली, आणि मावशीच्या कानात गेलेली गोष्ट असल्यामुळे ती संध्याकाळपर्यंत सगळ्या वऱ्हाडाला कळली.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाईच म्हणतात. पाटोद्यात त्यांना 'दुकानच्या काकू' म्हणत, कारण पेठेत आमचं किराणा दुकान होतं आणि दुकानाच्या मागच्या अंगाला घर. मी धर्मापुरीची. तेव्हा निजामाचा अमल होता. कचेरीत उर्दू चाले, बाजारात मराठी, आणि दुकानात दोन्हींची खिचडी. मी नांदायला आले त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात माझे सासरे, म्हणजे मामंजी, वारले होते. मी त्यांना पाहिलं नाही, पण त्यांचं सामान पाहिलं, आणि त्यावरून माणूस पुरता कळला.

"काय फेकायचं न्हाई, वेळेला कामाला येतं," हे मामंजींचं आणि त्यांच्या आईचं ब्रीद. ती वेळ काही दोघांच्याही आयुष्यात आली नाही. चुलीपाशी उतरंड, उतरंडीमागे दुसरी उतरंड, तिच्यामागे भिंत असावी असा आमचा अंदाज. माळ्यावर एका बाजूला झाकणं नसलेली भांडी आणि दुसऱ्या बाजूला भांडी नसलेली झाकणं, आणि त्यांची कधी गाठ पडली नाही. कचेरीतला साहेब बदलून गेला की त्याचं मागं उरलेलं सामान मामंजी उचलून आणत. तीन पायांची खुर्ची, काचा फुटलेले कंदील, आणि एक घोड्याचं खोगीर. आमच्या घराण्यात कुणाच्या बापानं कधी घोडा बाळगला नव्हता. मी सून म्हणून घरात आले तेव्हा माझी ट्रंक ठेवायला जागा नव्हती. ती पहिले काही महिने दुकानात गुळाच्या ढेपांवर होती, आणि माझ्या सगळ्या लुगड्यांना गुळाचा वास येई.

त्या साहेबी सामानात नक्षीचं एक पितळी भांडं होतं, कमरेत बारीक आणि वर पसरट. त्यात मामंजींची आई हळद ठेवत असे. पुढे एकदा कचेरीतल्या शिपायाची बायको सामान घ्यायला आली. तिनं ते बघितलं आणि तोंडाला पदर लावून सांगितलं, "काकू, ये तो उगालदान है. साहेब लोक पान खाऊन ह्यात थुकतात." आत्याबाई हसू आवरेना म्हणून भिंतीला टेकून खालीच बसल्या. "माझ्या सासूनं जल्मभर मला सोवळं शिकवलं, अन् हळद कशात ठेवली बघ," म्हणाल्या. मला वाटतं, त्या घरातल्या वस्तूंचा धाक त्यांच्या मनातून त्या दिवशी गेला.

मामंजींचं वर्ष झालं आणि एके सकाळी आत्याबाईंनी इष्टलिंगाची पूजा उरकून माळ्याला शिडी लावली. मला म्हणाल्या, "मी वरून देते, तू खाली धर." बस. का, कशासाठी, काही नाही. वरून भांडी येऊ लागली आणि मी धरू लागले. जाळी, धूळ, उंदरांच्या लेंड्या आणि मधूनमधून एखादी पाल. दुपारपर्यंत अंगण भरलं. माझे यजमान दुकानातून आत आले, अंगण बघितलं, आणि एक शब्द न बोलता परत गल्ल्यावर जाऊन बसले. हा माणूस आयुष्यात फार थोडं बोलला, आणि जे बोलला तेही गिऱ्हाइकाशी.

आता तुम्ही म्हणाल, अडगळीचं सामान काढलं, वाटून टाकलं, त्यात काय मोठंसं. पण आत्याबाईंची देण्याची पद्धत होती. प्रत्येक भांडं चिंच आणि राखेनं घासायचं. कलईवाला आला की त्याला आठ-आठ दिवस अंगणात बसवून कलई करून घ्यायची. मग त्या भांड्यात एकदा काहीतरी शिजवून आम्ही खायचं, आणि मगच ते द्यायचं. "ज्यात आपून खाल्लं न्हाई ते दुसऱ्याला कसं द्यावं? बुडाला भोक असंल तर?" त्या काळात आम्ही काय काय कशाकशात शिजवून खाल्लं ते विचारू नका. मेजवानीच्या मोठ्या पातेल्यात तिघांची आमटी शिजवली तेव्हा डाळ शोधायला पळी नाही, दिवा लागला.

बाजाराच्या दिवशी खेड्यांवरच्या बायका दुकानात येत. आत्याबाई दाराशी बसून त्यांच्याशी बोलत आणि बोलता बोलता काढून घेत: कुणाकडे पाणी तापवायला काही नाही, कुणाची परात चेपली, कुणाच्या लेकीचं लग्न ठरलं आणि द्यायला घागर नाही. एकीला दोन भांडी कधी दिली नाहीत. ज्या बाईला जे लागतं तेच. पुढच्या बाजारापर्यंत ते लक्षात ठेवायला त्यांना वही-पेन्सिल लागत नसे, नुसतं डोकं.

पण गाडी अडली ती भलत्याच जागी. आपल्याकडे रिकामं भांडं कुणाला देत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. रिकामं दिलं तर देणाऱ्याचंही वाईट आणि घेणाऱ्याचंही. म्हणून आत्याबाई प्रत्येक भांड्यात ओंजळभर ज्वारी घालून देत. आणि रिकामं भांडं परतही करत नाहीत, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा झालं असं, की ज्वारी घातलेली घागर घेऊन गेलेल्या बाईला वाटलं, काकूंनी ज्वारी दिली, घागर त्यांची त्यांना पोचवायला पाहिजे. पुढच्या बाजाराला घागर परत, आणि आत शेंगा. परात परत, वर हरभऱ्याचे घाटे. घंगाळ परत, त्यात दोन भोपळे. एकीनं तर चरवी परत करताना आत दही लावून आणलं आणि वर आपल्याकडचं नवं झाकण बसवून आणलं. म्हणजे आमच्या घरात झाकणं कमी होती म्हणून.

आत्याबाई सांगून थकल्या. "अगं, ज्वारी न्हाई, भांडंच दिलंय तुला." समोरची म्हणे, "काकू, थट्टा करता व्हय? एवढं तांब्याचं भांडं कुणी देतंय का?" बरं, ज्वारी न घालता द्यावं, तर हात मागे घेत. "रिकामं न्हाई न्यायचं, काकू. कावून असं करता?" महिन्याभरात घरात भांडी होती तेवढीच राहिली आणि शेंगा, भोपळे, अंबाडी, कांद्याच्या माळा ह्यांची भर पडली. माझी ट्रंक गुळावरून उठली ती शेंगांच्या पोत्यावर गेली. मी मनातल्या मनात हसत होते, खोटं कशाला बोलू.

मग आत्याबाईंनी तोड काढली. चुलीवर चढलं की ते भांडं त्या चुलीचं, हीही आपल्याकडची समजूत. तेव्हा भांडं आपणच त्यांच्या घरी न्यायचं, त्यांच्याच घरातलं दूध त्यात ओतायचं आणि त्यांच्याच चुलीवर ठेवून उतू घालायचं. नव्या घरात दूध उतू घालतात तसं. दूध भांड्याच्या काठावरून चुलीत सांडलं, की संपलं. ते भांडं मग कुणी परत आणत नसे. कुणाची छाती होईल? आणि ही युक्ती लागू पडली.

पण त्यासाठी घरोघर जावं लागलं. पेठेतल्या दुकानदाराची विधवा बाई आणि तिची नवी सून, हंड्याला दोन बाजूंनी धरून भर दिवसा गावातून चाललेल्या, हे दृश्य पाटोद्याला नवीन होतं. लांबच्या वस्तीवर बैलगाडीनं जायचो. जिथं आत जायची रीत नव्हती, तिथं अंगणात तीन दगड मांडून आत्याबाई स्वतः काटक्या पेटवत. एक म्हातारबा मात्र भारी ताठ. दारातच आडवे उभे राहिले. "काकू, दान घ्यायला आमी भिकारी हाव का?" आत्याबाई म्हणाल्या, "दान न्हाई, भाऊ. माझ्या घरात जागा न्हाई अन् तुमच्यात हाय. जरा ठिवून घ्या."

"मग नेणार कवा?"

"लागलं की सांगते."

म्हातारबांनी मान हलवली आणि बाजूला झाले. त्यानंतर दुकानात आले की दर वेळी आठवण करत, "काकू, तुमचं पातेलं आमच्याकडं हाय बरं का." आत्याबाई म्हणत, "असू द्या, आजून जागा झाली न्हाई."

गावात तर्क चालू झाले. आधी म्हणाले, काकू काशीला निघाल्या. मग म्हणाले, जंगमस्वामींनी त्यांना मरणाचा दिवस सांगितलाय. लोक उगीचच भेटायला येत, नाडी बघितल्यासारखे तोंडाकडे बघत, आणि आत्याबाई खणखणीत आवाजात त्यांना शेंगा देत, कारण शेंगा संपवायच्या होत्या. शेवटी जो तर्क निघाला तो पाणवठ्यावर एकीनं मला ऐकवला. "सुनेच्या हाती काय लागू नये म्हणून वाटून टाकतीय म्हातारी."

हे ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण मलाही आतून तेच वाटत होतं, फक्त शब्द सापडत नव्हते. घासायला मी, उचलायला मी, गाडीत हाडं खिळखिळी करून घ्यायला मी, आणि उद्या माझा संसार मांडायची वेळ आली की चुलीवर काय ठेवू, माझं डोकं? आईचा निरोप आला होता, "डोळे उघडे ठेव, पोरी." तो राग खरा होता आणि तो मला आला ह्याची मला आजही लाज वाटत नाही. संसार काही हवेत उभा राहत नाही.

त्या घरात माझा जीव एका वस्तूवर होता. तांब्याचा मोठा हंडा, गोल पोटाचा, गळ्याशी वेलबुट्टी कोरलेला. मी तो घासला की त्यात तोंड दिसे, आणि कुणी बघत नसेल तेव्हा मी त्यात बघून कुंकू नीट करत असे. एका सकाळी आत्याबाईंनी तो अंगणात काढला आणि म्हणाल्या, "गिरजे, ही चिंच घे." मी चिंच घेतली नाही. पहिल्यांदाच त्यांच्यापुढे तशीच उभी राहिले. विचारलं, "आत्याबाई, माझ्यासाठी काय ठेवताय?"

"काय न्हाई," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच चिंच घेऊन हंडा घासू लागल्या.

मी रडत आत गेले. जेवले नाही. दुपारी त्या माझ्यापाशी येऊन बसल्या. हातात एक पितळी गडवा होता, लहानसा, दुधाचा, धुळीनं काळा पडलेला. म्हणाल्या, "ह्यो माळ्यावर मिळाला. पालथा घातलेला." मग सांगितलं. त्या नव्या सून असताना एकदा परळीच्या जत्रेला गेल्या होत्या. तिथं स्वतः निवडून, वळवून, वाजवून हा गडवा घेतला. घरी आणला तर सासू म्हणाली, "घरात गडवे कमी हायेत व्हय?" आणि माळ्यावर टाकून दिला. "त्यानंतर मी काय आणलं न्हाई. ह्या घरात जे हाय ते सासूचं, तिच्या सासूचं, न्हाई तर कुण्या साहेबाचं. जल्म गेला गिरजे, लोकांची भांडी घासण्यात. माझ्या आवडीचं एक भांडं माझ्या चुलीवर चढलं न्हाई." गडव्यावरची धूळ पदरानं पुसली. "तुझ्या मागं ही सगळी लावून देऊ? अन् तू जत्रेतून काय आणलंस, तर मीच म्हणंन, घरात कमी हायेत व्हय. म्हणंनच मी. माझी जीभ काय येगळी हाय?"

मी गडव्याकडे हात पुढे केला. मला वाटलं, हा तरी माझा. त्यांनी तो आपल्याकडे ओढून घेतला. "ही माझी आवड. तुला कशाला?" म्हणाल्या. पुढच्या बाजाराला एक धनगरीण शेळीचं दूध मडक्यात घेऊन आली, तिला तो गेला. हंडाही गेला. त्या हंड्याचं मला वाईट वाटलं ते वाटलंच, शहाणपण कळलं म्हणून वाईट वाटायचं थांबत नाही.

मग त्या मला कासाराच्या दुकानात घेऊन गेल्या. म्हणजे दारापर्यंत. स्वतः आत आल्या नाहीत, रस्त्याच्या पलीकडे लिंबाखाली पाठ करून बसल्या, माझी नजर त्यांच्याकडे जाऊ नये म्हणून. आत मी एकटी. माझी गंमत बघा, इतके दिवस माझं काय, माझं काय म्हणून तळमळत होते, आणि आता मला काय आवडतं तेच मला ठाऊक नव्हतं. हे हातात घेतलं, ते ठेवलं. कासार कंटाळला, त्यानं चिलीम भरली. शेवटी एक पातेलं घेतलं, का ते सांगता येणार नाही, त्याचा रंग बरा वाटला. घरी येऊन चुलीवर ठेवल्यावर कळलं की त्याला धरायला काठच नीट नाही आणि ते एका बाजूला कलतं. आत्याबाईंनी त्यातून वरण वाढून घेताना बोटं भाजून घेतली, पदरानं धरलं, एकदा सांडलंसुद्धा. मी विचारलं, "वाईट घेतलं का हो?" त्या बोटांवर फुंकर घालत म्हणाल्या, "तुझं हाय." एवढंच. चांगलं आहे असं काही त्यांनी खोटं सांगितलं नाही.

पुढे मी शिकले. जत्रेतून, बाजारातून, कधी बीडहून येणाऱ्या गाडीवाल्याकडून, एकेक करत माझं घर माझ्या हातानं भरलं. आत्याबाईंनी "कशाला" म्हणून कधी विचारलं नाही. जीभ वळवळायची, ते मला दिसायचं. एकदा मी लाल रंगाची चिनी मातीची बरणी आणली, ती त्यांना अजिबात आवडली नव्हती. त्या उठून परसात गेल्या आणि बराच वेळ तुळशीला पाणी घालत राहिल्या. तुळस पाण्यात उभी राहिली तेव्हा आत आल्या आणि म्हणाल्या, "लोणचं चांगलं राहील त्यात." त्यांच्यापाशी दोन लुगडी, एक घोंगडी आणि गळ्यातलं लिंग उरलं होतं. जेवायला माझं ताट, प्यायला माझा तांब्या. रिकाम्या झालेल्या माळ्यावर त्यांनी काहीही ठेवू दिलं नाही, ही एकच जबरदस्ती.

बऱ्याच वर्षांनी, एका हिवाळ्यात, दोन दिवसांच्या तापानं त्या गेल्या. माणूस मातीला दिलं की त्याच्या वापरातलं एक भांडं जंगमस्वामींना द्यायची आमच्या घराण्यात रीत आहे. ओसरीवर सगळी पेठ जमली होती. खेड्यांवरून बायका आल्या होत्या, त्या ताठ म्हातारबांचा मुलगा आला होता. स्वामी म्हणाले, "माउलींच्या वापरातलं काही असंल तर आणा. तांब्या, वाटी, काहीही चालंल."

माझे यजमान उठून आत गेले. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. मग ते चौकटीत येऊन उभे राहिले आणि माझ्याकडे बघू लागले. स्वामी थांबले होते. बायका थांबल्या होत्या. पाणवठ्यावर जिनं म्हातारीचा हेतू मला ऐकवला होता, तीही समोरच बसली होती.

मी म्हणाले, "स्वामी, ह्या घरात त्यांचं काही नाही. सगळं माझं आहे."

एरवी सुनेच्या तोंडून असं वाक्य अशा वेळी निघालं असतं, तर गावानं तिला उभी चिरली असती. पण ते वाक्य माझ्याच कानावर पडलं आणि मला धाय मोकलून रडू आलं, इतकं की मामी-मावश्यांना मला धरावं लागलं. त्या ओसरीवरच्या निम्म्या बायकांच्या घरी माझ्या आत्याबाईंचं काहीतरी होतं. माझ्या घरात नव्हतं, आणि ते नसावं म्हणूनच त्या शिडीवर चढल्या होत्या.

स्वामी जुने माणूस होते, घाईचे नव्हते. मी शांत होईपर्यंत बसून राहिले. मग मी उठून आत गेले, माझ्या भांड्यांतलाच एक तांब्या घेतला, त्यात ओंजळभर ज्वारी घातली आणि त्यांना दिला.